गाडीची कातडी आणि रस्त्याची खडी

जुहूत नवी गाडी शोरूममधून सरळ घरी येत नाही. शोरूमच्या दारात नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, मुक्तेश्वराला नाहीतर इस्कॉनला एक फेरी होते. तिथून गाडी जाते ती अंधेरी-ओशिवऱ्याच्या बाजूला एखाद्या डिटेलिंगवाल्याकडे. तिथे तिचा तीन-चार दिवस मुक्काम असतो. पहिल्याच दिवशी स्वस्तिक धुऊन टाकतात, कारण कुंकवावर फिल्म बसत नाही.

ही फिल्म म्हणजे पीपीएफ. पेंट प्रोटेक्शन फिल्म असं पूर्ण नाव कुणी घेत नाही. थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेनचा हा पारदर्शक पापुद्रा दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीचा असतो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीचा रंग, म्हणजे पत्र्यावरचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट हे सगळं मिळून, साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतो. म्हणजे पांघरूण अंगापेक्षा जाड. मध्यम आकाराच्या गाडीला नखशिखांत फिल्म चढवायची तर खर्च सत्तर-ऐंशी हजारांपासून सुरू होतो आणि चांगल्या कंपनीची फिल्म घेतली की दोन लाखांच्या पुढे जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यात वाचलेले पैसे अनेकांनी या पापुद्र्यात घातले असणार. दुकानदारही विकताना तसंच सांगतात: ‘साहेब, टॅक्समध्ये सुटलेच आहेत ना?’

फिल्म चढवताना पाहण्यासारखी असते. आधी गाडी धुऊन तिच्यावर चिकणमातीसारखा एक गोळा फिरवतात. रंगात रुतलेली बारीक कच त्याला चिकटून येते. मग पत्र्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर शाम्पूचं पाणी फवारतात. पाण्यामुळे फिल्म तरंगते, हवी तशी सरकवता येते. जागेवर आली की रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी ढकलत नेतात. पाणी निघालं तिथे फिल्म बसली. बॉनेटवर हे पटापट होतं. खरी परीक्षा बंपरची: फॉग लॅम्पचे खळगे, जाळीच्या कडा, सेन्सरची भोकं. तिथे गरम हवेची गन मारून फिल्म ताणायची, ती जास्त ताणली गेली तर पांढुरकी रेघ उमटते आणि तुकडा वाया जातो. लांज्याकडचा एक कारागीर ताणता ताणता म्हणाला, ‘बॉनेट कुणीपण लावेल. बंपर बघून पोरगा ओळखायचा.’ चांगला कारागीर कडा पत्र्याच्या आत दुमडतो. घाईत असलेला ती कडेवरच कापतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथे मातीची काळी रेघ धरते. गिऱ्हाईक मात्र फिल्मची कंपनी विचारतं, वॉरंटीची वर्षं विचारतं, कडांचं विचारत नाही.

फिल्म परवडत नसेल तर दुकानदार सिरॅमिक कोटिंग पुढे करतो. त्यावर ‘९एच’ असं लिहिलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला ते हिऱ्याच्या जवळपासचं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात ती पेन्सिलची मोजपट्टी आहे. ठरावीक दाबाने वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर फिरवायच्या आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहायचं. ९एच पेन्सिलीनेही उठला नाही, इतकाच त्याचा अर्थ. कोटिंगची जाडी एक-दोन मायक्रॉन. पाणी त्यावरून छान ओघळतं, धूळ कमी धरते, गाडी चकाकते. ऐंशीच्या वेगाने आलेल्या खडीपुढे त्याचा काही पाड लागत नाही.

आणि एक गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही. जुहूच्या सोसायट्यांमधल्या गाड्यांचा रंग सर्वात जास्त खराब होतो तो पार्किंगमध्ये, पहाटे. गाडी पुसणारा एक बादली आणि एक फडकं घेऊन इमारतीतल्या सगळ्या गाड्या उरकतो. चौपाटीवरून वाऱ्याने आलेली वाळू, बांधकामाची धूळ, सगळं त्या फडक्यात साठतं आणि पुढच्या बॉनेटवर घासलं जातं. संध्याकाळच्या उन्हात गाडी तिरकी पाहिली की गोलगोल चरे दिसतात ते त्याचे. बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला महिन्याला जे मिळतं त्यात दोन बादल्यांचं पाणी आणि वेगळी फडकी बसत नाहीत. महागड्या फिल्मचा मालक त्याला मायक्रोफायबरची चार फडकी घेऊन देत नाही, हा जुहूचा हिशेब मला कधी कळलेला नाही.

तरीही जुहूकराची रंगाबद्दलची काळजी अगदीच फुकाची नाही. दगडाचा टिचका पत्र्यापर्यंत पोचला तर पुण्यात किंवा नाशकात तो काही महिने तसाच राहतो. इथे समुद्राची खारी हवा आहे. जुहू तारा रोडवरच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांचे गज पाहिले की हवेतलं मीठ लोखंडाचं काय करतं ते कळतं. हल्लीच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, तरी टिचक्यातून उघडा पडलेला ठिपका एका पावसाळ्यात तांबूस होतो आणि गंज रंगाच्या खालून आडवा पसरतो. म्हणून इथे टचअपची बाटली गाडीत ठेवलेली बरी. काही शंभर रुपयांची वस्तू आहे. ठिपका धुऊन कोरडा करायचा, बारीक काडीने रंगाचा थेंब सोडायचा. दिसेल, पण गंजणार नाही. फिल्म लावायचीच तर पुढच्या अर्ध्या भागाला लावावी: बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, दिवे, छताची पुढची कड आणि चाकांमागची खालची पट्टी. दगड तिथेच बसतात. छतावर आणि डिकीवर लावलेली फिल्म हौसेची, आणि हौसेला मोल नसतं हे खरं, पण ती दगडाच्या नावावर विकली जाऊ नये.

आता हा दगड येतो कुठून? बहुतेकांना वाटतं, डंपरच्या हौद्यातून. तिथूनही येतो. ताडपत्री न बांधलेला किंवा नुसती वर टाकलेला डंपर पश्चिम द्रुतगती महामार्गावर कुठल्याही रात्री दिसतो. पण अवजड गाडीची मागची चाकं जोडीने असतात. त्या दोन टायरांच्या फटीत दगड अडकतो, चाकाबरोबर फिरत राहतो आणि कधीतरी निसटतो. मागून येणाऱ्याच्या काचेवर बसतो तो हा. तिसरा, आणि सर्वात मोठा पुरवठादार म्हणजे रस्ता स्वतः. डांबरी रस्ता म्हणजे खडी आणि तिला धरून ठेवणारं डांबर. भेगेतून पाणी आत गेलं की ते डांबर आणि खडीच्या मधे शिरतं, वरून चाकाचा दाब आला की ते पाणीच पंपासारखं काम करतं आणि डांबर सुटतं. सुटी झालेली खडी कडेला जमते आणि तिच्या जागी खड्डा राहतो. मग कंत्राटदाराचा माणूस भर पावसात त्या खड्ड्यात थंड मिश्रण ओततो, फावड्याने थोपटतो. दोन दिवसांत तेही सुटतं. म्हणजे रिमला वाकवणारा खड्डा आणि काचेवर बसणारा दगड यांचं मूळ एकच.

जुहूच्या आजूबाजूला गेली काही वर्षं डंपर आणि काँक्रीटच्या फिरत्या टाक्या यांचा राबता आहे. मेट्रो दोन-बी डी. एन. नगरहून नानावटी रुग्णालयाच्या अंगाने पुढे जाते, वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचा एक जोडरस्ता जुहूला उतरणार आहे, आणि त्यात महापालिकेचं काँक्रिटीकरण. १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं ते सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांचं आणि सहा हजार कोटींच्या वर रकमेचं होतं. काँक्रीटचा रस्ता पाण्याने डांबरासारखा उकलत नाही, हे मान्य. पण अर्धा रस्ता झालेला, अर्धा खणलेला, मधे सात-आठ इंचांची धारदार पायरी आणि तिच्यावर टाकलेली सुटी खडी, या अवस्थेत तो किती महिने राहणार याला उत्तर नसतं. पेव्हर ब्लॉकने भरलेले खड्डे वेगळेच. ब्लॉक उखडला की तो स्वतःच रस्त्यावरचा दगड.

पूर्वेला जायचं तर जुहू सर्कलवरून बर्फीवाला पूल आणि पुढे गोखले पूल. ३ जुलै २०१८ ला गोखले पुलाचा पादचाऱ्यांचा भाग रुळांवर कोसळला. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल वाहतुकीला बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा मुंबईभर हसं झालं, कारण नवा गोखले पूल वर आणि बर्फीवाला पूल खाली. दोघांची गाठच पडेना. शेवटी बर्फीवालाचा तुकडा जॅक लावून एका बाजूला मीटरभराहून जास्त उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोडला. मे २०२५ मध्ये गोखले पूल पूर्ण खुला झाला. मधल्या काळात जुहू-पार्ल्याच्या गाड्यांनी मिलन सबवे, कॅप्टन गोरे पूल असे फिरून जितके खड्डे खाल्ले, त्याची नोंद गॅरेजवाल्यांच्या वह्यांतच असेल.

जमिनीचा स्वभावही पाहावा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पावसाळ्यात त्या चिखलातून विमान उडवणं जमेना म्हणून टाटांची टपालसेवा पुण्याला हलवावी लागे, हे कमी जणांना ठाऊक असतं. समुद्राच्या पातळीला टेकलेल्या या जमिनीत पाणी झिरपायला जागा नाही. रस्ते पाण्याखाली राहतात, आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

तो न दिसल्याची सर्वात मोठी किंमत चारचाकीवाला भरत नाही. २८ जुलै २०१५ ला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल गेली आणि मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा गेला. त्याचे वडील दादाराव बिल्होरे, मरोळचे भाजीविक्रेते. तेव्हापासून ते घमेलं-फावडं घेऊन स्वतः खड्डे बुजवत आले आहेत. मुंबई त्यांना ‘पॉटहोल दादा’ म्हणते. महापालिकेचं काम एक बाप करतो आहे याची लाज वाटण्याऐवजी आपण त्यांना टोपणनाव दिलं.

कायद्यात सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांची मानकं पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला दंड. किती? कमाल एक लाख रुपये. गाडीच्या फिल्मचं बिल यापेक्षा जास्त होऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांचा विषय २०१३ पासून आहे. न्या. गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांनी आदेश दिला: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायची. भरपाई माणसाची आहे. वाकलेल्या रिमचं बिल अजून आपल्याच खिशातून जातं.

जुहूकराची गाडी खरी कसाला लागते ती मात्र शहरात नव्हे, गणपतीत. कोळीवाड्याच्या मागच्या वस्त्यांपासून जेव्हीपीडीच्या इमारतींपर्यंत कोकणातली माणसं आहेत, आणि दसऱ्याला घेतलेली गाडी पुढच्या भाद्रपदात गावच्या अंगणात उभी राहिली नाही तर घेतल्यासारखी वाटत नाही. रस्ता एकच: सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, वाशी, पनवेल, पळस्पे, आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या बोलीत सतरा नंबर. त्याच्या चौपदरीकरणाला पनवेल-इंदापूर टप्प्यात २०११ मध्ये हात लागला. तेव्हा जन्मलेली मुलं दहावीच्या वयाला आली. मधल्या काळात उच्च न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांनी पाहणी दौरे केले, तारखा दिल्या. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधतानाच कोसळला. कशेडीचा बोगदा झाला, घाटाची वळणं टळली, हे श्रेयही द्यायला हवं. पण चांगला काँक्रीटचा पट्टा सलग लागतो आणि अचानक संपतो, हीच या रस्त्याची खरी अडचण आहे. गाडी शंभरावर असते, पुढे पिवळी पिंपं आणि वळण, खाली मातीवर टाकलेली खडी. दरवर्षी सरकार गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालतं आणि कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास देतं. टोलमाफीचं स्टिकर काचेवर चिकटवताना त्याच काचेचा विचार करावा.

पुढची काच दोन काचांची असते, मधे प्लास्टिकचा पातळ थर. दगड बसला की वरची काच फुटते, आतली टिकते. नाण्याएवढा टिचका असेल तर तो बुजवता येतो. निर्वात पंपाने त्यातली हवा काढून राळ भरतात, अतिनील दिव्याखाली ती कडक होते. अर्ध्या तासाचं काम. पण टिचक्यात पाणी आणि धूळ शिरण्याआधी व्हायला हवं, म्हणून तोपर्यंत त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची. आणि तापलेल्या काचेवर एसी पूर्ण सोडायचा नाही. टिचक्याची चीर होते ती अशा वेळी. काच बदलायची वेळ आलीच तर एक दिलासा आहे: वाहन विम्यात रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, काचेवर काही कापत नाहीत. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलं तर प्लास्टिकचीही चिंता मिटते. नुसता टायर फुटला आणि गाडीला दुसरं काही झालं नाही, तर साधी पॉलिसी एक पैसाही देत नाही. त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. साचलेल्या पाण्यात इंजिनाने पाणी ओढलं तर त्यालाही वेगळं. आणि दोन-तीन हजारांच्या टचअपसाठी क्लेम करू नये. पाच वर्षांत नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांपर्यंत चढतो, तो एका क्लेममध्ये शून्यावर येतो.

टायरचं दुखणं गाडीच्या दिमाखातून आलं आहे. मोठी अलॉय आणि पातळ टायर शोरूममध्ये देखणा दिसतो. खड्ड्याच्या कडेवर आपटला की रबराची भिंत रिम आणि काँक्रीट यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. पंक्चरवाला सांगतो, ‘चालवा, पण लांब नको.’ लांबही नको आणि जवळही नको, फुगा आलेला टायर बदलायचाच. पुष्कळदा फुगा आतल्या बाजूला येतो, म्हणून वाकून पाहावं लागतं. हवा कंपनीने दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेली असते तितकीच भरावी. खड्ड्यांसाठी कमी हवा बरी, हा गैरसमज फुग्यांचा धंदा चालवतो. खड्डा चुकवता येत नसेल तर आधी ब्रेक सोडून चाक मोकळं फिरू द्यावं. ब्रेक दाबून धरला की गाडीचं नाक खाली जातं आणि शॉकअपची उरलीसुरली चालही संपते.

काही जण पुढे लोखंडी बुलबार ठोकून घेतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदीचा आदेश राज्यांना दिला आहे, आणि एअरबॅगच्या गाडीत तो धोक्याचा. टिचक्यापासून बचाव म्हणून काचेवर गडद फिल्म हाही सल्ला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये तिला मनाई केली आहे.

फुकटातला उपाय अंतराचा. दगडाचा आघात वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर समोरून आलेल्या त्याच दगडाचा मार दीडपटीहून अधिक. डंपरच्या मागे तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवलं की निसटलेला दगड बहुतेक वेळा रस्त्यावर पडून विझतो. मुंबईत एवढं अंतर ठेवलं तर त्यात रिक्षा शिरते, हे खरं. मग रिक्षाच्या मागे राहावं. तिच्या चाकातून उडणारा दगड तसाही लहान.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने एक वेगळाच तोडगा काढला. गाडीच रेल्वेवर चढवायची. मालट्रकांची रो-रो सेवा तिथे १९९९ पासून आहे. त्या गणपतीत ती चारचाकींसाठी होती, कोलाड ते गोव्यातलं वेर्णा. एका फेरीत चाळीस गाड्या, एका गाडीचं भाडं होतं ७,८७५ रुपये, सोळा गाड्या जमल्या नाहीत तर फेरी नाही. माणसांनी सोबतच्या डब्यात बसायचं. सुरुवातीची नोंदणी थंड होती, म्हणून सिंधुदुर्गातल्या नांदगावलाही थांबा दिला. कल्पना वाईट नाही: ना खडी, ना डंपर, टायर साखळीने बांधलेले. पण रेल्वे सुटायची कोलाडहून, आणि दुपारी दोनपर्यंत तिथे हजर व्हायचं. पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, म्हणजे जो टप्पा गेली कित्येक वर्षं सर्वात जास्त शिव्या खातो, तो जुहूच्या गाडीने स्वतःच्या चाकांवरच काढायचा.